वाचक विचारतात : फोर्टमध्ये नाताळ, बांद्र्यात ५ जानेवारी

नाताळच्या अंकापासून ख्रिस्ती इतिहासावरचे प्रश्न साठत आले आहेत. काहींत कुतूहल आहे, काहींत चिमटा. दोन्हींचं स्वागत. मी गिरगावची, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडची मूळची मराठी ख्रिस्ती. शाळेत इतिहास शिकवण्यात हयात गेली, आता चर्चच्या जुन्या नोंदवह्या लावायला हातभार लावते. त्यामुळे पोप आणि सम्राटांपेक्षा कोणाच्या घरात काय चाललं होतं यात मला जास्त रस. उत्तरंही त्याच अंगाने जातील.

बाई, छळाच्या भीतीने रोममधले पहिले ख्रिस्ती लोक जमिनीखालच्या भुयारांत राहत होते, असं लहानपणी ऐकलंय. खरं का? (एक वाचक, डोंबिवली)

नाही हो. तिथे कोणाला राहताच आलं नसतं. ती दफनभूमी होती. शहराच्या हद्दीत प्रेत पुरायला रोमच्या कायद्याने मनाई होती, म्हणून आप्पिया रस्त्यासारख्या बाहेरगावी जाणाऱ्या वाटांच्या कडेने थडगी असत. जमीन महाग, माणसं गरीब. पण तिथला ज्वालामुखीचा दगड खणायला मऊ आणि हवा लागली की घट्ट होणारा. मग खाली खणत गेले. अरुंद बोळ, दोन्ही भिंतींत एकावर एक आडवे खण, खणात कापडात गुंडाळलेलं प्रेत आणि तोंडाला विटा किंवा संगमरवराची फळी. ज्यूंचीही अशीच भुयारं होती. सरकारला त्यांचा पत्ता चांगला ठाऊक होता. २५८ साली रोमचा बिशप सिक्स्तुस दुसरा याला पकडून मारलं ते अशा दफनभूमीतच. लपायला याहून वाईट जागा सापडली नसती.

लोक तिथे जात ते वर्षश्राद्धाला जावं तसे, मेलेल्यांची आठवण म्हणून जेवायला. खणणाऱ्यांना मान होता, चर्चच्या सेवकांत त्यांची गणना होई. दोमितिल्लाच्या भुयारात असा एक खणणारा चितारलेला होता, हातात दिवा आणि कुदळ. नाव दिओगेनेस. याच नावाचा दुसरा एक म्हातारा पुढच्या उत्तरात भेटेल.

मग हे लोक राहत कुठे? सगळे राहत तिथेच, भाड्याच्या मजली इमारतींत, शेजाऱ्यापाजाऱ्यांत. जमायचे कोणाच्या तरी घरी. सीरियातल्या दूरा-युरोपोस गावी असं एक घर जसंच्या तसं सापडलं आहे. मधली भिंत पाडून दोन खोल्यांची एक केलेली आणि कोपऱ्यातल्या एका खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड, भिंतीवर चित्रं. २५६ च्या सुमारास इराणी फौजेचा वेढा पडला तेव्हा तटबंदी भक्कम करायला गावकऱ्यांनी तटालगतची घरं मातीने भरून टाकली, त्यात हे घरही गेलं आणि म्हणूनच टिकलं. थोड्या अंतरावर ज्यूंचं प्रार्थनामंदिर होतं, तेही तसंच वाचलं.

जाता जाता : मुंबईतल्या आमच्या बहुतेक कबरीही कायमच्या नसतात. काही वर्षांनी हाडं काढतात आणि भिंतीतल्या खणात ठेवतात. माझे आजी-आजोबा एकाच खणात आहेत. आजोबांशी हयातीत आजीचं फारसं पटलं नाही, पण जागेची टंचाई कोणाला चुकली आहे?

छळ झाला म्हणतात, म्हणजे साध्या माणसाच्या घरी नेमकं काय व्हायचं? सिंह आणि आखाडा सोडून सांगा. (कॉलेज विद्यार्थिनी, चेंबूर)

सिंह वगळायला सांगितलंस, बरं केलंस. त्यांनी फार जागा खाल्ली आहे.

आधी एक गोष्ट पक्की कर. पहिली अडीचशे वर्षं छळ सलग नव्हता, आणि सगळीकडे एकदम तर नव्हताच. ६४ सालच्या आगीनंतर निरोने ख्रिस्ती लोकांवर खापर फोडलं, ते रोम शहरापुरतं. पुढे ११२ च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातल्या बिथिनियाचा सुभेदार प्लिनी सम्राट त्राजानला पत्र लिहून विचारतो की या लोकांचं करू काय? चौकशीत त्याला एवढंच मिळालेलं की ते ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, चोरी आणि व्यभिचार न करण्याची शपथ घेतात, आणि नंतर एकत्र साधं जेवण घेतात. त्राजानचं उत्तर नमुनेदार सरकारी आहे. हुडकत फिरू नका, निनावी अर्ज घेऊ नका, पण कोणी समोर आणला आणि तो हट्टाला पेटला तर शिक्षा करा.

२५० साली मात्र सम्राट देसियसने फर्मान काढलं की साऱ्या प्रजेने देवांना बळी द्यायचा, आणि दिल्याचा दाखला घ्यायचा. इजिप्तच्या कोरड्या वाळूत असे चाळीसच्या वर दाखले मिळाले आहेत. त्यातला एक ऑरेलियस दिओगेनेस याचा. बापाचं नाव, गावाचं नाव, वय ७२, उजव्या भुवईवर व्रण. आपल्या जुन्या पासपोर्टात ओळखखूण लिहीत तसंच. मी नेहमीच देवांना बळी देत आलो आहे, आजही तुमच्यासमक्ष बळी दिला, मद्य अर्पण केलं, प्रसाद चाखला, तरी शेरा मारून द्यावा, असा मजकूर. खाली अधिकाऱ्यांचा शेरा आणि तारीख. मगरदेवाच्या एका पुजारिणीलाही हा दाखला काढावा लागला होता! म्हणजे ज्याच्या नावाचा दाखला सापडला तो ख्रिस्ती होताच असं नाही. रांग सगळ्यांनाच होती.

ख्रिस्ती घरांत काय झालं? काहींनी नकार दिला आणि तुरुंगात मेले. काही गाव सोडून पळाले. कार्थेजचा बिशप कुप्रियान स्वतः लपून बसला होता. बऱ्याच जणांनी मुकाट बळी दिला. आणि काहींनी चिरीमिरी देऊन दाखला मिळवला, बळी न देताच. वादळ शमल्यावर जे भांडण पेटलं ते मला हौतात्म्याच्या कथांपेक्षा जास्त ओळखीचं वाटतं. ज्यांचे भाऊ तुरुंगात मेले त्यांच्या शेजारी हे दाखलेवाले पुन्हा येऊन बसणार? २५१ साली कार्थेजच्या बिशपांनी प्रतवारी लावली. नुसता दाखला विकत घेतलेल्यांना प्रायश्चित्तानंतर परत घ्यायचं, प्रत्यक्ष बळी दिलेल्यांना मरणशय्येवर. कुप्रियानने पुढे २५८ मध्ये मान पुढे केली आणि ती उडवली गेली, पण आधी लपल्याचे टोमणे त्याने खाल्ले ते खाल्लेच.

आता माझा सगळ्यात आवडता कागद. १९ मे ३०३, सिर्ता शहर, आजच्या अल्जीरियात. सम्राट दायोक्लेशियनच्या हुकमाने चर्चवर जप्ती आली आहे. शहराचा प्रमुख फेलिक्स कारकून घेऊन आलाय आणि जे निघेल ते लिहून घेतोय. सोन्याचे प्याले २. चांदीचे प्याले ६. दिवे, समया. आणि मग कपडे : बायकांचे अंगरखे ८२, ओढण्या ३८, पुरुषांचे अंगरखे १६. बायकांच्या चपलांचे जोड ४७, पुरुषांचे १३. गरिबांना वाटायला ठेवलेले असावेत असा बहुतेक अभ्यासकांचा तर्क आहे, आणि मला तो पटतो. त्या काळच्या चर्चचा बराचसा कारभार वाटपाचाच होता. रोमचा बिशप कोर्नेलियस २५१ च्या सुमारास एका पत्रात हिशोब देतो. ४६ धर्मगुरू, ७ डीकन (धर्मगुरूंच्या खालचे सेवक), आणि ज्यांचं पोट चर्चवर आहे अशा विधवा आणि गरजू दीड हजारांच्या वर.

सिर्ताला परत येते. फेलिक्सला खरे हवे होते ग्रंथ. कपाटं रिकामी निघाली, कारण चर्चमध्ये ग्रंथ वाचून दाखवणाऱ्या ‘वाचक’ लोकांनी पोथ्या आपापल्या घरी नेऊन ठेवल्या होत्या. वाचकांची नावं सांगा म्हटल्यावर दोन उपडीकनांनी सांगितलं की आम्ही फितूर नाही, हवं तर मारा. त्यांना अटक झाली. बाकीच्यांनी वाट दाखवली. एकेक घर झालं, कुठे चार पोथ्या, कुठे दोन. कोद्देओ नावाच्या वाचकाच्या घरी नवरा नव्हता, बायको होती. तिने सहा पोथ्या काढून दिल्या. आणखी आहेत का? नाहीत. फेलिक्सने सरकारी गुलामाला आत पाठवलं. त्याने शोधलं, काही मिळालं नाही. एवढीच नोंद. त्या बाईचं नावही कारकुनाने लिहिलेलं नाही. आणि ज्यांनी पोथ्या दिल्या त्यांना फितूर म्हणून वाळीत टाकायचं की नाही, यावरून उत्तर आफ्रिकेचं चर्च पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ दुभंगलेलं राहिलं. ३१३ मध्ये कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस यांनी धर्मस्वातंत्र्य दिल्यावरही ते सांधलं नाही.

चर्चच्या इतिहासात बायका फक्त संत आणि सिस्टर म्हणूनच दिसतात का? (गृहिणी, मुलुंड)

दिसतात तशा, पण होत्या इतरही. प्लिनीने ज्यांना छळून माहिती काढली त्या दोन गुलाम बायका होत्या, आणि त्या मंडळीत त्यांना सेविकेचं अधिकृत पद होतं. कार्थेजच्या पर्पेतुआने तर तुरुंगात स्वतः लिहून ठेवलं आहे : अंगावर पिणारं मूल, त्याची काळजी, म्हातारा बाप हात जोडून विनवतोय की ‘मी ख्रिस्ती नाही’ एवढं एक वाक्य बोलून मोकळी हो. २०३ साली ती मेली, तिच्याबरोबर फेलिसितास नावाची गुलाम मुलगी, नुकतीच बाळंत झालेली. बाईने स्वतः लिहिलेलं इतकं जुनं ख्रिस्ती लेखन फार थोडं आहे.

आणि घराजवळचं सांगायचं तर पंडिता रमाबाई. ११ मार्च १८८९ रोजी त्यांचं शारदा सदन आमच्या चौपाटीला सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्याला गेलं. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला खरा, पण बिशपांची आणि सिस्टरांची हुकमत काही घेतली नाही. त्यांची पत्रं वाचा, धर्मशास्त्रावर त्या कोणाचं ऐकून घेत नसत. हिब्रू आणि ग्रीक शिकून एकटीने अख्खं बायबल मराठीत आणलं आणि १९२२ मध्ये ते काम संपवूनच डोळे मिटले. यापुढे मला काही सांगायचं नाही.

येशूचा जन्म २५ डिसेंबरला झालाच नव्हता असं एक फॉरवर्ड दर वर्षी येतं. तुमचं म्हणणं काय? (निवृत्त बँक कर्मचारी, विलेपार्ले)

फॉरवर्ड अर्धं बरोबर आहे. जन्मतारीख शुभवर्तमानांत दिलेलीच नाही. पहिल्या ख्रिस्ती लोकांना तिची पडलेलीही नव्हती, त्यांचा मोठा सण पुनरुत्थानाचा. जन्मदिवस वगैरे साजरे करणं काहींना राजेरजवाड्यांचं खूळ वाटायचं. २५ डिसेंबरची सगळ्यात जुनी पक्की नोंद रोममधल्या ३५४ सालच्या एका पंचांगात मिळते. ती तारीख का, यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं रोमन सूर्यदेवाच्या सणावर बसवली. दुसरं म्हणतं, गर्भधारणा २५ मार्चला मानत, त्यात नऊ महिने मिळवा. मला दुसरं मत जरा जास्त पटतं, पण त्यावरून शेजाऱ्याशी भांडण काढण्यात अर्थ नाही. सालाचीही तीच गत. सहाव्या शतकात दिओनिसियस नावाच्या मठवाशाने इसवी सनाची मोजणी लावली, त्यात काही वर्षं चुकली. हेरोद राजा इसवी सनापूर्वी ४ मध्ये मेला, आणि येशू त्याच्या हयातीत जन्मला अशी कथा आहे.

पण पार्लेकर, तुम्ही मुंबईचे आहात तर मुंबईची गंमत ऐका. १५८२ मध्ये पोप ग्रेगरीने कॅलेंडर सुधारलं. ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर. पोर्तुगालने लगेच स्वीकारलं. इंग्रज प्रोटेस्टंट, त्यांनी पोपचं ऐकायला १७५२ उजाडावं लागलं. मधल्या काळात मुंबई बेट इंग्रजांकडे आणि माहीमच्या खाडीपलीकडचं बांद्रा पोर्तुगीजांकडे. म्हणजे खाडी ओलांडली की तारीख आधी दहा आणि १७०० नंतर अकरा दिवसांनी पुढे! फोर्टमधलं सेंट थॉमस, ज्याच्यामुळे चर्चगेट हे नाव पडलं, ते १७१८ च्या नाताळला उघडलं. त्या दिवशी बांद्र्याच्या सेंट अँड्र्यूमध्ये ५ जानेवारी १७१९ होती आणि लोक दुसऱ्या दिवशीच्या तीन राजांच्या सणाच्या तयारीला लागले होते. होडीवाल्या कोळ्यांनी कोणाचा हिशोब धरला असेल? मला वाटतं भरती-ओहोटीचा.

आणि आर्मेनियन लोक आजही ६ जानेवारीलाच जन्मसोहळा करतात. त्यांचं १७९६ चं चर्च फोर्टमध्ये अजून उभं आहे.

माझं आडनाव पोर्तुगीज, घरात बोली सामवेदी. ऑफिसात म्हणतात, तुमच्या पूर्वजांना तलवारीने बाटवलं. काय उत्तर देऊ? (वसईचा तरुण, नोकरी अंधेरीला)

बाळा, याला एका वाक्याचं उत्तर देणारा माणूस, इकडचा असो की तिकडचा, इतिहास टाळतोय असं समज.

पोर्तुगीज येण्याआधी या किनाऱ्यावर ख्रिस्ती माणूस नव्हता असं नाही. सहाव्या शतकातला कॉस्मास नावाचा व्यापारी ‘कल्लियाना’ इथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचं लिहितो. अनेकजण हे आपलं कल्याण समजतात. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्याला एका ख्रिस्ती घरात उतरले होते. नंतर तिथे आलेला ओदोरिक लिहितो की ठाण्यात नेस्टोरियन (पूर्वेकडचा एक जुना पंथ) ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती. यजमानाने बायकोला मारलं. ती काझीकडे गेली आणि साक्षीला या चार साधूंची नावं दिली. तिथून धर्मावर वादविवाद पेटला आणि चौघे मारले गेले. नवरा-बायकोचं भांडण नसतं तर ते बहुधा पुढे निघून गेले असते. पण त्या पंधरा घरांचं आणि तुझ्या घराचं नातं दाखवता येत नाही, तेव्हा त्यांचा झेंडा करू नकोस.

आपली गोष्ट सुरू होते १५३४ पासून. गुजरातच्या बहादूरशहाने वसई, साष्टी आणि मुंबई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर जे झालं त्यात जबरदस्ती होती, आणि ती आपणच स्पष्ट बोलावी. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात शिवाचं स्थान होतं, तिथे आंतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कनाने चर्च थाटलं. लेण्याच्या डोक्यावरचे भग्न अवशेष आजही दिसतात. गोव्यात १५५९ मध्ये हिंदू आईबापांची अनाथ मुलं ताब्यात घेऊन ख्रिस्ती करण्याचा हुकूम निघाला, १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं. तलवारीपेक्षा कायदा, नोकरी आणि संरक्षण यांचा जोर मोठा होता. त्याचबरोबर पाडेच्या पाडे एकदम ख्रिस्ती झाले, म्हणून तर जाती तशाच राहिल्या. कुपारी (तुझी सामवेदी बोलणारी मंडळी) कुपारींत, कोळी कोळ्यांत, अगदी परवापरवापर्यंत. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचं पाणी आणतात, ते काही पाद्र्यांनी शिकवलेलं नाही.

आता १७३९. चिमाजी आप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज निघून गेले, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्म पाळायची मुभा शरणागतीच्या कलमांत होती. घंटा मात्र गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात टांगलेली १७२१ ची घंटा वसईचीच, भीमाशंकरचीही तिथलीच. सत्ता गेली, धाक गेला, बहुतेक गोरे पाद्री गेले. काही आगरी कुटुंबं पुढे परत हिंदू झालीही. बाकीचे राहिले, देशी धर्मगुरूंनी चर्चं चालवली. दोनशे वर्षांपूर्वी पणजोबांच्या पणजोबांनी काय विचार केला होता ते १७३९ मधल्या नातवाला ठाऊक नव्हतं, त्याला फक्त आपली आई कशी प्रार्थना करते ते ठाऊक होतं. तुझ्या ऑफिसातल्या लोकांना एवढंच विचार, १७३९ नंतर कोणाची तलवार होती? आणि ते विचारताना मंडपेश्वरही लपवू नकोस.

आडनावाचं म्हणशील तर ते बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचं किंवा पाद्र्याचं मिळे, त्यावरून अंगात पोर्तुगीज रक्त असल्याचं सिद्ध होत नाही. घराण्याचा माग काढायचा असेल तर गावच्या चर्चच्या नोंदवह्या बघ. बाप्तिस्म्याची आणि लग्नाची नोंद ठेवायची सक्ती कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १५६३ मध्ये केली. जुन्या वह्या पोर्तुगीज किंवा लॅटिनमध्ये असतात, शाईने कागद खाल्लेला असतो, पण साचा ठरलेला असल्याने दहा नोंदी वाचल्या की अकरावी लागते. १९०८ पासून माणसाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात त्याच्या लग्नाचीही नोंद करायचा नियम आहे, तो समास आधी वाच. मुंबईत शोधणार असशील तर लक्षात ठेव, १७९४ ते १९२८ इथे कॅथलिकांवर दोन वेगवेगळे अंमल होते, एक पोर्तुगालच्या राजाकडून आलेल्या पाद्रोआदोचा आणि दुसरा थेट रोमच्या प्रोपागांडाचा, म्हणजे पोपच्या धर्मप्रसार खात्याचा. शेजारच्या दोन चर्चांचे बिशप वेगळे. या वहीत नाव नसेल तर त्या वहीत असतं.

गावठाणात जागोजागी रस्त्यावर क्रूस का दिसतात? (वाचक, कुर्ला)

बरेचसे प्लेगमुळे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोग ओळखला आणि मग शहर रिकामं होऊ लागलं. जे उरले त्यांनी नवस म्हणून, आणि नंतर वाचल्याबद्दल, वाडीच्या तोंडाशी क्रूस उभारले. पायथ्याची तारीख वाचा, १८९६-९७ खूपदा सापडेल. काही त्याहून जुनेही आहेत. मे महिन्यात संध्याकाळी अजून त्यांच्यापुढे रोझरी (जपमाळेची प्रार्थना) होते आणि नंतर उकडलेले चणे वाटतात. पोरं चण्यांसाठी येतात, आम्हीही त्यासाठीच जायचो.

तुम्ही मराठीत प्रार्थना कधीपासून करायला लागलात? (मराठीचे प्राध्यापक, दादर)

सर, ‘लागलात’मधला सूर पोचला. घरात नेहमीच करत होतो. फादर थॉमस स्टीफन्सचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत १८१३ पासून, त्यांचं ‘ज्ञानोदय’ १८४२ चं. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईतच झाला. त्यांचे अभंग आमच्या घरी मात्र उशिरा आले, कारण ते प्रोटेस्टंट आणि आम्ही कॅथलिक. त्या काळी एकमेकांच्या चर्चची पायरी चढणं म्हणजे कबुलीजबाबात सांगण्याजोगी गोष्ट होती.

चर्चमधली मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, मात्र लॅटिनमध्येच. फादर आमच्याकडे पाठ करून वेदीपुढे पुटपुटत, आणि आजी मागच्या बाकावर मराठीत जपमाळ ओढत असे. मध्येच घंटी वाजली की गुडघे टेकायचे, एवढा दोघांचा संबंध. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) हे बदललं. डिसेंबर १९६४ मध्ये युखरिस्तिक परिषदेसाठी (ख्रिस्तप्रसादाच्या भक्तीचा कॅथलिकांचा मोठा मेळावा) पोप सहावे पॉल मुंबईला आले, ओव्हल मैदानावर गर्दी लोटली, आणि त्या सुमाराला मिस्सा मराठीत यायला लागली. फादर आमच्याकडे तोंड करून बोलू लागले. आजीला ते अजिबात आवडलं नाही. सगळं समजायला लागलं तर मग देवाचं काय राहिलं, असं तिचं म्हणणं.

आजची स्थिती उलटी आहे. वसईत मराठी मिस्सेला बसायला जागा नसते, आणि बांद्रा-गिरगावात आमचीच नातवंडं इंग्रजी मिस्सेला जातात. याबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवत नाही.

मी हिंदू आहे. माहीमच्या नोव्हेनाला एकदा जायचंय. गेलेलं चालेल का, आणि तिथे काय करायचं? (तरुणी, लालबाग)

चालेल काय, निम्मी गर्दी तशीच असते. सेंट मायकलमध्ये बुधवारची नोव्हेना १९४८ पासून सुरू आहे, लोक लागोपाठ नऊ बुधवार करतात. बाहेर मेणाची घरं, हात, पाय, बाळं विकायला असतात. ज्याचं दुखणं त्याचा आकार वाहायचा. असाच प्रकार सप्टेंबरात माऊंट मेरीला.

जुन्या काळी मात्र तुला अर्ध्यावर उठावं लागलं असतं. चौथ्या शतकात वाचन आणि प्रवचन झालं की बाप्तिस्मा न झालेल्यांना बाहेर पाठवत. पुढचा विधी फक्त दीक्षितांसाठी, आणि दीक्षा घ्यायला लोक कधीकधी काही वर्षं शिकत असत. आज कोणी उठवत नाही. मिस्सेत ख्रिस्तप्रसाद घ्यायला रांग लागेल तेव्हा तू जागेवर बसून राहा. तो बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठीच असतो, आणि देणाऱ्या फादरनाही ऐनवेळी अवघडल्यासारखं होतं. बाकी उभं राहणं, बसणं पुढच्या बाकाकडे बघून करावं, आम्हीही तेच करतो. चपला काढायच्या नसतात. दिवसभर एकामागून एक नोव्हेना असतात, ऑफिस सुटायच्या वेळची टाळ, आणि बुधवारी माहीमला टॅक्सीने मुळीच जाऊ नकोस. माटुंगा रोडला उतरून चालत जा, लवकर पोचशील.